ओळंबा मिस्त्री आणि समुद्राची रेघ

माझ्या सासऱ्यांनी पंचेचाळीस वर्षांत किती भिंती बांधल्या, ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण बांधलेल्या किती भिंती स्वतःच्या हाताने पाडल्या, ते आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तीन. आणि तिन्ही वेळा भिंत एकच होती, आमच्या गच्चीवरच्या नव्या खोलीची, पूर्वेकडची.

सासरे गवंडी. कामावर त्यांना सगळे 'ओळंबा मिस्त्री' म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन, खाली टोकदार. दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी ठोकळा असतो. तो भिंतीच्या माथ्याशी टेकवून धरायचा, वजन खाली सोडायचं. वजन हलायचं थांबलं आणि भिंतीला हलकेच टेकून राहिलं, तर भिंत सरळ. हे प्रत्येक गवंडी करतो. आमच्या बाबांना मात्र त्याचं वेडच होतं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा यायच्या आत त्यांची नजर दाराच्या चौकटीवरून फिरून आलेली असायची. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या वडिलांना म्हणाले, "बाकी सगळं उत्तम आहे, पण ही खिडकी अर्धं सूत बाहेर गेलीय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझे वडील पुढे आठवडाभर त्या खिडकीसमोर खुर्ची टाकून बसत होते.

त्या ओळंब्याला दुसऱ्याचा हात लागलेला बाबांना खपत नसे. थापी मागा, देतील. पातळी काढायची पाण्याची नळी मागा, देतील. ओळंबा खिशात. घरात कुणी चुकून हात लावला तर पुसून ठेवायचे. बघायची पद्धतही ठरलेली होती. पाय फाकवून उभं राहायचं, श्वास धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने दोरीकडे बघायचं. ते असे उभे राहिले की आजूबाजूचे मजूरही बोलायचे थांबत.

गच्चीवरची खोली माझ्या मुलीसाठी चालली होती. ती नऊ वर्षांची. दिवसभर चिवचिव करते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. आजोबांनी तिला शब्द दिला होता की तुझी खोली मी एकट्याने बांधणार, दुसऱ्या कुणाला विटेला हात लावू देणार नाही. तीन भिंती झाल्या. चौथी, पूर्वेकडची, खांद्याइतकी वर आली आणि बाबांनी डावा डोळा मिटून पाहिलं. "पोट आलंय हिला, मध्ये फुगलीय," म्हणाले. पाडली. विटांना चिकटलेला सिमेंटचा माल खरवडून काढला, पुन्हा बांधली. पुन्हा पोट. दोरी बदलली, नवा ठोकळा करून घेतला. नवरा छापखान्यात काम करतो. तो म्हणाला, "बाबा, मला तर सरळ दिसतेय." बाबा म्हणाले, "तू अक्षरं बघ. भिंत मला बघू दे."

तिसऱ्यांदा पाडत होते त्या दिवशी मी शाळेतून आले होते. मी शाळेत वेळापत्रकं लावते. कोणता तास कुणाचा यावरून दिवसभर बारा शिक्षकांशी डोकेफोड करून आले होते, आणि गच्चीवर माझे धुतलेले कपडे सिमेंटच्या धुळीने पांढरे झाले होते. मला राग यायला वेळ लागत नाही, जायला लागतो. मी म्हणाले, "बाबा, आता पुरे झालं! जमत नसेल तर दुसरा मिस्त्री बोलवू."

बाबांनी हातोडा खाली ठेवला. त्या वाक्यातले 'जमत नसेल' एवढे दोनच शब्द त्यांना ऐकू आले होते. त्यांनी थापी धुतली, पुसली, सगळी हत्यारं पोत्यात भरली आणि पोतं माळ्यावर टाकलं. जेवताना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे सूनबाईचं. हात गेला माझा." त्यानंतर सात महिने त्यांनी विटेला हात लावला नाही. पायरीवर बसून राहायचे. कुणाच्या घरी गेले तर चौकटीकडे बघायचे नाहीत, खाली फरशीकडे बघायचे. ओळंबा तेवढा खिशात होता, पण तो बाहेर काढलेला मी पाहिला नाही. मी दोनदा माफी मागितली. "अगं, तू काय चुकीचं बोललीस?" असं म्हणून त्यांनी ती दोन्ही वेळा परत केली.

म्हणून नवऱ्याने बोटीची सहल काढली. चार दिवस, समुद्रात जाऊन परत. बाबांना जरा बदल मिळेल, आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कधीची हौस पुरी होईल, चिमणीची सुट्टी सत्कारणी लागेल. आमच्यातल्या कुणीच कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. सहलीच्या कार्यालयातल्या बाई नव्या प्रवाशांना सूचना सांगण्यात इतक्या तरबेज होत्या की त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि मी वही काढून एकोणीस मुद्दे लिहून घेतले. मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, एक जोड कपडे आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि किटली नेऊ नका, दारातच काढून घेतात. कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या बॅगेत ठेवा. मूल हरवलं तर कुठे भेटायचं ते चढल्या चढल्या ठरवा. घड्याळ बोटीच्या वेळेप्रमाणे लावा, मोबाइलच्या नाही. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून लोहचुंबकाचे हूक न्या, ओले कपडे टांगायला बरे पडतात. आणि चौदावा मुद्दा: मळमळू लागलं तर खोलीत झोपून राहू नका. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, उघड्यावर जा आणि दूर जिथे पाणी संपतं त्या रेघेकडे बघत राहा. सगळं हलतं, ती रेघ हलत नाही.

बंदरावर बोट पाहिली आणि माझी वही हातातच राहिली. अकरा मजले! आम्ही राहतो त्या गल्लीतली सगळी घरं एकावर एक रचली असती तरी इतकी उंच झाली नसती. बाबा मान मागे टाकून मजले मोजत होते. मोजता मोजता टोपी मागे पडली, ती चिमणीने उचलून दिली. सात महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा इतकं वर पाहिलं होतं.

"पाया कुठाय रे याला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"पाया नाही, बाबा. तरंगतेय ती."

"अकरा मजले नि पाया नाही?"

"नाही."

पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने गुडघाभर खोदल्याशिवाय साधं कुंपणही उभं केलं नव्हतं, त्याला आता त्या इमारतीत राहायला जायचं होतं.

तपासणीच्या पट्ट्यावर आमच्या पिशव्या आत गेल्या आणि पट्टा थांबला. गणवेशातल्या बाईंनी पडद्यावर काहीतरी पाहिलं, बाबांची पिशवी उघडली आणि त्यांनी खिशातून काढून तिच्यात ठेवलेला ओळंबा दोन बोटांत धरून बाहेर काढला. "हे काय आहे?" मी डोळेच मिटले. आईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं. त्या ओळंब्याला परक्या माणसाचा, तोही रबरी हातमोज्यातला, हात लागला होता!

"ओळंबा आहे तो," बाबा म्हणाले. "इकडे द्या, दाखवतो."

आणि त्यांनी तो बाईंच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला, शेजारच्या तपासणीच्या दाराला ठोकळा टेकवला, वजन सोडलं, पाय फाकवले, डावा डोळा मिटला. आमच्या मागच्या रांगेत शंभर माणसं उभी होती. बाबांना त्यांचं काही नव्हतं.

"तुमची चौकट वाकडी आहे," ते बाईंना म्हणाले. "दोन सुतं. मध्ये पोट आलंय."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी वरिष्ठांना हाक मारली, वरिष्ठांनी ओळंबा उलटसुलट करून पाहिला आणि "काका, घेऊन जा, पण बोट मोजत बसू नका," म्हणाले. बाबांनी रुमालाने ओळंबा दोनदा पुसला. मला मात्र आनंद झाला होता. वाकडी का असेना, त्यांनी एका चौकटीकडे पाहिलं होतं.

बोटीचं आतलं सगळं मी सांगत बसत नाही, कारण मला ते धड दिसलंच नाही. मी तोंडाचा आ करून फिरत होते. पितळी कठड्याचा जिना, तीन मजले उंच दिवाणखाना, तरणतलाव, आणि तो तलाव समुद्राच्या वर! म्हणजे पाण्यावर घर, घरावर पाणी. चिमणीला आम्ही सांगितलं की चुकलीस तर पितळी जिन्याच्या तळाशी उभी राहा. ती मुद्दाम दोनदा चुकली. धोक्याच्या वेळी काय करायचं त्याची तालीम झाली, तेव्हा नवऱ्याने तरंगायचं जाकीट उलटं घातलं आणि एका सात वर्षांच्या मुलीने ते त्याला सरळ करून दिलं. बाबा एकेका भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत होते. "लोखंड," म्हणायचे. पुढे जायचे, पुन्हा टकटक. "हेही लोखंड."

खोलीत आल्यावर मी चुंबकाचा हूक भिंतीला चिकटवला. टॉवेल टांगणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब." खिशातून ओळंबा काढला आणि त्या हुकाला अडकवला. बोट तोवर बंदराबाहेर पडली होती. आम्ही सगळे पलंगांच्या कडेवर बसलो. ओळंबा आधी थरथरला, मग शांत झाला. आणि मग भिंत त्याच्यापासून दूर जाऊ लागली. अगदी हळूहळू, बोटभर. थांबली. परत आली, ओळंब्याला टेकली. पुन्हा निघाली.

"भिंत हलतेय," चिमणी कुजबुजली.

"सगळं घर हलतंय," बाबा म्हणाले. "अकरा मजले, माणसं, भांडीकुंडी, तलाव, सगळं ओळंब्याबाहेर जातंय. आणि परत येतंय. बघ. पडत नाही."

जेवणाची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. आयुष्यभर त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की जे ओळंब्याबाहेर जातं ते आज ना उद्या पडतं. मी त्यांच्यासाठी ताट खोलीत घेऊन आले, तेव्हाही ते भिंतीच्या येण्याजाण्याकडे बघत होते, आणि सात महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा उठला. आईंनी अंथरूण धरलं. "मला घरी ने," असं नवऱ्याला सांगू लागल्या, जसं काही तो बाहेर रिक्षाच थांबवून आला होता. माझ्याही पोटात ढवळत होतं. बाबा मात्र बांधकामाच्या परांचीवर, बांबू-फळ्यांवरून चालावं तसे त्या हलत्या बोळात चालत होते, कुठे हात टेकत नव्हते. मी वही उघडली आणि चौदावा मुद्दा मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांना घेऊन मध्यभागी, खालच्या मजल्यावरच्या कठड्याशी आले. आईंना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "आता सगळ्यांनी त्या रेघेकडे बघायचं."

आणि ती दिसली. घरून कधी इतकी दूरची गोष्ट दिसतच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये एक झाड नाही, घर नाही, काही नाही. खाली निळं, वर फिकट, आणि मध्ये ती रेघ. माझ्या अंगावर काटा आला. आईंचे ओठ पांढरे पडले होते, तरी त्या म्हणाल्या, "केवढं गं हे!" आणि मग खरंच त्यांचं मळमळणं जरा कमी झालं.

बाबा कठड्याशी गेले. पाय फाकवले. "माझ्या नळीत तांब्याभर पाणी असतं," म्हणाले, "त्यावर मी सगळ्या घराची पातळी काढतो. हे केवढं पाणी धरलंय समोर!" मग सवयीने त्यांनी श्वास धरला आणि डावा डोळा मिटला.

बराच वेळ ते तसेच उभे होते. मग त्यांनी डोळा उघडला, पुन्हा मिटला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"सूनबाई," ते म्हणाले, "इकडे ये जरा. ती रेघ मध्ये खचलीय का?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले. "बाबा, समुद्राची चौकटपण दोन सुतं बाहेर का?"

"हसू नकोस. खरं सांग. खचलीय?"

त्यांचा हात कठड्यावर होता आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती. मी रेघेकडे पाहिलं, नीट पाहिलं. "नाही बाबा. सरळ आहे."

"तू सांग," ते नवऱ्याला म्हणाले. "सरळ," नवरा म्हणाला. आईंनीही सरळ सांगितली. चिमणीने तर कठड्यावर हनुवटी टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "एकदम सरळ, आजोबा. पट्टीने काढल्यासारखी."

"मला मध्ये खळगा दिसतोय," बाबा म्हणाले. "आणि मी जिकडे बघतो तिकडे तो पळतो. इकडे बघितलं, इकडे. तिकडे बघितलं, तिकडे."

वाऱ्याने आईंचा पदर फडफडत होता.

"पाणी खचत नाही," बाबा स्वतःशीच म्हणाले. "भिंत खचेल, चौकट खचेल. पाण्याला वाकडं होताच येत नाही."

तेव्हा चिमणी म्हणाली, "आजोबा, तुम्ही नेहमी तोच डोळा का मिटता? दुसरा मिटून बघा ना."

पंचेचाळीस वर्षांत हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. त्यांना उजवा डोळा एकटा मिटताच येईना, दोन्ही मिटले जात. शेवटी चिमणीने कठड्याच्या पायरीवर चढून आपला तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. बाबांनी डाव्या डोळ्याने समुद्र पाहिला. त्यांचा खालचा ओठ हलला.

"सरळ आहे," ते म्हणाले. "सरळ आहे गं."

मला सगळं एकदम कळलं होतं. त्यांचा उजवा डोळा बिघडला होता, कधीपासून देव जाणे, आणि दोन्ही उघडे असताना डावा सांभाळून घेत होता म्हणून कुणाला पत्ता नव्हता. भिंतीला पोट नव्हतंच. तीन वेळा त्यांनी चांगली, सरळ, निर्दोष भिंत पाडली होती. आणि तिसऱ्या वेळी मी त्यांना 'जमत नाही' म्हणाले होते. मला रडू फुटलं. मी म्हणाले, "बाबा, डोळा... आपण लगेच डॉक्टरकडे..."

आणि हा माणूस हसत होता! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. चिमणीचे दोन्ही खांदे धरून तिला हलवत म्हणत होता, "म्हणजे हात शाबूत आहे! अगं, हात गेला नाही माझा! डोळा गेलाय, डोळा!"

आजवर मी कुणालाही डोळा गेला म्हणून इतकं आनंदाने सांगताना ऐकलेलं नाही. मला त्यांचा राग आला, माझाही आला, आणि त्याच वेळी मला त्यांच्यासमोर वाकावंसं वाटलं. मी समोर एक रेघ पाहिली होती. त्यांनी त्या रेघेला प्रश्न विचारला होता, आणि उत्तर स्वतःच्या विरोधात आलं तरी मान्य केलं होतं.

बोटीवर डॉक्टर असतात हा माझ्या वहीतला सोळावा मुद्दा. तरुण डॉक्टरीणबाईंनी बारीक चौकड्यांचा एक कागद बाबांच्या समोर धरला आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. डाव्याने चौकडी सरळ, उजव्याने मधल्या रेघा वाकलेल्या. "डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या अगदी मध्यभागी सूज असावी," त्या म्हणाल्या. "नक्की डोळ्याच्या दवाखान्यातच कळेल. उतरलात की त्याच दिवशी जा, आठवडा घालवू नका. आणि रोज डावा डोळा या कागदावर तपासत जा. हा विकार दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकतो." बाबांनी कागदाची घडी घालून ओळंब्याशेजारी खिशात ठेवली.

उरलेले दोन दिवस बाबा कठड्याशीच होते. जेवायला बोलवावं लागे. एकदा उजव्या डोळ्याने, एकदा डाव्याने, रेघ खचवायचे आणि सरळ करायचे. मी एकदा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग ते म्हणाले, "एवढं पाणी, आणि एक सूत इकडे नाही, तिकडे नाही. आणि पाया नाही." त्यांच्या आवाजात इतकं नवल होतं की मला पुन्हा रडू आलं. मी ते वाऱ्यावर ढकललं.

उतरताना तपासणीच्या त्याच बाई दाराशी होत्या. बाबा रांग सोडून त्यांच्याकडे गेले. "बाई, तुमची चौकट सरळ असणार. डोळा माझा वाकडा होता. राग मानू नका." बाईंना काही आठवेना, पण त्यांनी मान हलवली.

पुढे दवाखाना. डोळ्यात सुई टोचतात हे ऐकूनच नवऱ्याला घेरी आली आणि त्याला बाकावर आडवं करावं लागलं. बाबा स्वतः चालत आत गेले. तीन महिन्यांत तीन वेळा. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. उजव्या डोळ्याची घसरण थांबलीय, पण मधली रेघ बहुधा कायम वाकडीच दिसेल. डाव्याचं आज चांगलं आहे, उद्याचं सांगता येत नाही. उशीर झाला, सात-आठ महिने आधी आले असते तर, असंही म्हणाले. घरी येताना बाबाच म्हणाले, "सूनबाई, मला स्वतःलाच कळलं नाही, मग तुला कुठून कळणार होतं?"

चौथ्या महिन्यात एका रविवारी सकाळी माळ्यावरून पोतं खाली आलं.

मी गच्चीवर गेले तेव्हा माल कालवून तयार होता. त्याच विटा, तीन वेळा खरवडलेल्या, कोपरे झिजलेल्या. बाबांनी मला आणि चिमणीला कोपऱ्यात बसवलं. डोळ्यांच्या सवयीचा त्रास होऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. ते भिंतीकडे बघतच नव्हते. वीट ठेवायची, थापीच्या दांड्याने एकदा ठोकायची, तळहात बाजूने वर फिरवायचा, पुढची वीट. बघत होते समोरच्या आभाळाकडे. थर चढत गेले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. दुपार झाली. एकदाही त्यांनी ओळंबा काढला नाही. आणि माझ्या मनात एकच भीती होती. डोळा गेला होता हे खरं, पण त्याच्याबरोबर हातही गेला असेल तर? वय सत्तरीला टेकलं होतं. मी ठरवून टाकलं की काही झालं तरी मी भिंत सरळच आहे म्हणणार. एकदा नको ते बोलले होते, आता मला खोटं बोलायचा हक्क होता.

भिंत खांद्याला आली. तिन्ही वेळा ती इथेच पाडली गेली होती. बाबांनी हात धुतले, पुसले, खिशातून ओळंबा काढला, आणि माझ्यासमोर धरला.

"धर," म्हणाले.

मी हात पुढे केला नाही. मला धीरच होईना.

"अगं धर. चावत नाही."

तो मला वाटला होता त्यापेक्षा जड होता, आणि त्यांच्या खिशाची ऊब त्याला होती. त्यांनी दाखवलं तसा मी ठोकळा भिंतीच्या माथ्याशी टेकवला आणि वजन सोडलं. बाबा माझ्याकडे पाठ करून आभाळाकडे बघत उभे राहिले.

"सरळ आहे, बाबा," मी म्हणाले.

"ओळंबा अजून हलतोय, सूनबाई."

खरंच हलत होता.

"आधीच ठरवून बसली होतीस ना, की सरळच म्हणायचं?"

"हो," मी म्हणाले.

"मग आता ते विसर. पाय फाकव, श्वास धर, आणि बघून सांग. वाकडी असली तर वाकडी सांग. मी चौथ्यांदा पाडीन."

चिमणीने चिवचिव थांबवली. मी पाय फाकवले. श्वास धरला. डावा डोळा मिटला, कारण मी तसंच बघितलं होतं. ओळंबा फिरला, डुलला, मंद झाला. आणि थांबला. मी खाली वाकून वजनाच्या कडेशी नजर नेली. वजन आणि वीट यांच्यामध्ये उजेड शोधला, वर शोधला, खाली शोधला. केसाएवढाही नव्हता. पितळ विटेला टेकून शांत उभं होतं.

मी तशीच वाकून राहिले. चिमणीने विचारलं, "आई, काय झालं?"

"टेकलाय, बाबा," मी म्हणाले. "वरपासून खालपर्यंत."

बाबा वळले नाहीत. त्यांचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. मग त्यांनी मागे, आमच्या दिशेने हात लांब केला आणि तळहात उघडला. मी ओळंबा परत द्यायला गेले.

"तो राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "वीट दे."